पेप्टाइडचा पहारा

५ एप्रिल, शनिवार

डायरी लिहायचा मला कंटाळा. दर वर्षी कोणीतरी फुकट देतं आणि दर वर्षी माझी बायको कांता तिच्यावर गरम पातेलं टेकवते. पण आजपासून लिहिणार. घरात पेप्टाइड आलंय आणि ते माझ्या ताब्यात आहे.

झालं असं की फेब्रुवारीत कांताने कुकर उचलला आणि तिचं मनगट मोडलं. पडली नाही, घसरली नाही, नुसता कुकर उचलला. तपासणीत निघालं की हाडं आतून पोकळ झालीत, पाठीचा एक मणकासुद्धा दबलाय. आज परळच्या डॉक्टरीणबाईंनी पेनासारखं दिसणारं एक इंजेक्शन लिहून दिलं. रोज संध्याकाळी पोटावर टोचायचं, एक पेन महिनाभर पुरतं.

कांताने त्यांना एकच प्रश्न विचारला. "नोव्हेंबरात माझ्या मुलीचं बाळंतपण आहे. बाळ उचलता येईल ना मला?" आमच्या अक्षताकडची बातमी कळून आठवडा झालाय आणि तेव्हापासून हिच्या डोक्यात दुसरं काही नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सहा महिन्यांनी पुन्हा तपासू. तोवर पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही. औषध नीट राहिलं आणि नीट घेतलं, तर बाळ उचलाल."

नीट राहिलं म्हणजे काय, तेही त्यांनी समजावलं. हे पेप्टाइड आहे. बारीक मणी ओवावेत तशी त्याची रचना असते, उष्णता लागली की माळ तुटते, मग ते टोचलं काय अन् नाही काय. म्हणून फ्रिजमध्ये ठेवायचं. पुढे आणखी काहीतरी सांगत होत्या, महत्त्वाचं असावं, कारण बोट वर करून सांगत होत्या. पण तेवढ्यात त्यांनी टोपण काढून सुई दाखवली. सुईचं आणि माझं लहानपणापासून जमत नाही. चक्कर वगैरे काही आली नाही. मी फक्त खाली बसलो. जमिनीवर.

तेव्हा ठरलं, टोचायचं काम कांताचं आणि सांभाळायचं माझं. परळच्या रेल्वे वर्कशॉपात मी आयुष्यभर स्टोअर सांभाळलं. माझ्या सहीशिवाय तिथून नटबोल्ट बाहेर गेला नाही. पेप्टाइड ते काय.

७ एप्रिल

पहिली अडचण म्हणजे आमचा फ्रिज आमचा नाही. तो मजल्याचा आहे.

लालबागच्या या चाळीत, आमच्या गॅलरीत बौद्ध आम्हीच. बाकीच्यांचे सोमवार, गुरुवार, संकष्ट्या, श्रावण, नवरात्र. ज्याच्या घरी ज्या दिवशी 'चालत नाही', त्याची सुरमई त्या दिवशी आमच्या फ्रिजला. ही पद्धत कोणी ठरवली नाही. माझ्या आईच्या वेळी फ्रिज नव्हता, तेव्हा सुक्या बोंबलांचे डबे यायचे. शेजारचा हेरंब तर श्रावणात अंडी आमच्याकडे ठेवतो आणि खातोही आमच्याकडेच. घरी त्याचा श्रावण कडक.

अशा धर्मशाळेत पेप्टाइड राहणार कसं? मी वरचा कप्पा रिकामा केला. लोकांच्या पिशव्या ज्याच्या त्याच्या दारात नेऊन दिल्या. पेनाचा डबा अगदी मागे, बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवला, म्हणजे जिथे सगळ्यात गार तिथे. बटण तीनवर होतं, ते सातवर नेलं. आठ असतं तर आठवर नेलं असतं.

९ एप्रिल

फ्रिज तरुण झालाय. दुधावर बर्फाचे पापुद्रे आले, कोथिंबीर काळी पडली, टोमॅटो जमिनीवर पडला तर टाइलला टवका गेला. कांता म्हणाली, "अहो, जरा जास्तच होतंय." मी म्हटलं, "तुझ्या हाडांसाठी चाललंय, कोथिंबिरीसाठी नाही."

तरी खात्री असावी म्हणून तापाचा थर्मामीटर आत ठेवून पाहिला. 'लो' असं दाखवतो. म्हणजे कमी. उत्तम.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. पहाटे चैत्यभूमीला जाऊन आलो. दिवसभर घरात पाहुणे. एरवी मी सगळ्यांना दारापर्यंत जाऊन आत घेतो. आज पांढरा शर्ट घालून फ्रिजला पाठ लावून उभा होतो. तिथूनच एका हाताने जय भीम. दुसरा हात दारावर. गार पाणी मागितलं की माठाकडे बोट दाखवायचो.

पनवेलहून आलेल्या मेव्हण्याने विचारलं, "दाजी, फ्रिजमध्ये काय सोनं ठेवलंय का?" मी म्हटलं, "पेप्टाइड." तो मुकाट माठाकडे वळला. या शब्दाला वजन आहे. मी तो आज बऱ्याच जणांना ऐकवला.

तरी दुपारी मी हात धुवायला गेलो तेवढ्यात कुणीतरी सरबताचं पातेलं आत ठेवलंच. उद्या कुलूप आणतो.

१५ एप्रिल

कुलूप लावलं. फ्रिजच्या दाराला कडी मारताना दोन भोकं जास्त पडली, पण ती मागच्या बाजूला आहेत.

संध्याकाळी कांता म्हणाली, "पेनाचं बटण दाबलं जात नाहीये." मी म्हटलं, नवीन आहे, सैल होईल. तिने पेन उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिलं. मग डब्यातला तो घडी घातलेला कागद घेऊन सुनेत्राकडे गेली. सुनेत्रा म्हणजे हेरंबची बायको, लोअर परळला कसल्याशा विम्याच्या ऑफिसात आहे. तो कागद मी वाचायला घेतला होता, पण अक्षरं मुंगीएवढी आहेत आणि पहिल्याच पानावर सुईचं चित्र आहे.

कांता परत आली तेव्हा डोळे लाल होते. सुनेत्राकडे कांदे चिरत असतील.

२१ एप्रिल

गेल्या बुधवारी कांता सुनेत्राबरोबर परळला ब्लाऊजपीस आणायला गेली होती. ब्लाऊजपीस मिळालं नाही म्हणे. पण आली ती हसतच. बाईमाणसाचं काही कळत नाही.

आता आमची शिस्त बसलीय. संध्याकाळी मी कुलूप काढतो, पेनाचा डबा तिच्या हातात देतो आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. ती आतल्या खोलीचं दार लावून घेते. दोन मिनिटांत बाहेर येते, डबा परत देते, मी कुलूप लावतो. सुरुवातीला आतून कण्हण्याचा आवाज यायचा, आता तोही नाही. मी विचारलं, "दुखत नाही आता?" म्हणाली, "अजिबात नाही." औषध योग्य गार असलं की दुखत नाही, असं माझं निरीक्षण आहे.

त्यानंतर ती लगेच सुनेत्राकडे जाते. कसलीशी मालिका लागलीय. आपल्याकडे टीव्ही आहे म्हटलं, तर म्हणते तिकडे चांगली दिसते.

३ मे, शनिवार

दुसरं पेन आणलं. बाहेर ऊन आग ओकतंय, म्हणून थर्मासात बर्फ भरून गेलो. औषधवाला म्हणाला, "काका, बर्फाला डायरेक्ट टेकवू नका हां." औषधवाल्यांना प्रत्येक गोष्टीत काहीतरी सांगायची सवय असते. मी दुकानाबाहेर येऊन पेन बर्फात खुपसणार, तेवढ्यात समोर कांता! जिने चढउतार करू नको म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय आणि ही परळपर्यंत चालत आली. पेन माझ्या हातातून काढून घेतलं, ओल्या रुमालात गुंडाळलं, पिशवीत ठेवलं.

घरी येताना आधी सुनेत्राकडे शिरली. "तिला नवीन पेन दाखवते." दाखवण्यासारखं त्यात काय आहे? पण बायकांना हौस असते. थोड्या वेळाने डबा माझ्या स्वाधीन केला, मी तो बर्फाजवळ ठेवला आणि कुलूप लावलं.

२४ जुलै, गुरुवार

पावणेतीन महिने काही लिहिलं नाही कारण काही घडलं नाही. पेप्टाइड सुखरूप. महिन्याला नवीन पेन येतं, महिन्याला सुनेत्राला दाखवलं जातं.

आज मात्र शिष्टमंडळ आलं. उद्यापासून श्रावण. अख्ख्या गॅलरीची उरलेली मासळी आणि अंडी घेऊन लोक दारात उभे. पुढारी हेरंब.

"काका, दरवर्षीचं आहे हे."

"दरवर्षी पेप्टाइड नव्हतं."

"अहो, पण माझी सहा अंडी काय तुमच्या पेप्टाइडला चावणार आहेत?"

"दार उघडलं की गरम हवा आत जाते. गरम हवा गेली की माळ तुटते. माळ तुटली की तुझी काकू बाळ कशी उचलणार? सांग!"

त्याने कांताकडे पाहिलं आणि अंडी उचलली. सगळे गेले. कांता चहा टाकायला उठली होती, ती तशीच परत बसली.

१० ऑगस्ट

घरात कोणी येत नाही. एरवी श्रावणात आमचं घर बाजारासारखं भरलेलं. कोणाची सुरमई, कोणाचा खिमा, 'काकू, जरा दोन तुकडे तळून द्या ना, इथेच खातो' म्हणणारे उपासकरी. यंदा हेरंबने अंडी कुठल्याशा मित्राकडे करी रोडला ठेवलीत म्हणे, तिथे जाऊन खातो. येता-जाता मान वळवतो.

मी चुकतोय का? खरं सांगायचं तर दुपारी घरात पंख्याचा आवाज ऐकू येतो, तो पूर्वी कधी ऐकू आला नव्हता. कांता दाराकडे बघत बसते. मी म्हटलं, "नोव्हेंबरपर्यंत कळ काढ." ती म्हणाली, "मी काढतेय हो. तुम्ही किती काढाल त्याची काळजी वाटते."

मला कसली कळ? मी खणखणीत आहे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

अक्षताच्या घरातून लिहितोय, प्रभादेवीहून. डायरी खिशात होती.

गणपतीचा तिसरा दिवस. लालबागला पाय ठेवायला जागा नाही. दुपारी खाली मीटरच्या खोलीत धाडकन आवाज झाला आणि अख्ख्या चाळीचे दिवे गेले. पंखा थांबला, मग फ्रिजची घरघर थांबली. माझ्या छातीतली तेवढी चालू होती.

वायरमन म्हणाला, दोन तास तरी लागतील. मी कुलूप काढलं. कांता मध्ये आली. "अहो, दार उघडू नका. बंद ठेवलं की गार राहतं आत."

"दोन तास? या उकाड्यात?"

"राहतं. कुठे जाऊ नका. ऐका माझं."

"कांता, बाळ उचलायचंय ना तुला?"

ती काहीतरी बोलायला गेली, सुनेत्राच्या दाराकडे पाहिलं आणि बाजूला झाली. मी पेनाचा डबा काढला. कोळणीकडून आणलेलं थर्माकोलचं खोकं होतं, त्यात घातला, बर्फाच्या कप्प्यातला सगळा बर्फ वर ओतला, झाकण लावलं, चिकटपट्टी मारली आणि निघालो. अक्षताच्या बिल्डिंगला जनरेटर आहे.

खाली उतरलो तर दर्शनाची रांग. माणसांची भिंत. मी घुसलो तसे लोक ओरडायला लागले, "ओ काका, लाइन, लाइन!" मी खोकं डोक्यावर धरलं आणि म्हटलं, "बाजूला व्हा, आत पेप्टाइड आहे!" एका दांडग्या कार्यकर्त्याने खोकं पाहिलं, त्यातून ठिबकणारं पाणी पाहिलं, माझं तोंड पाहिलं. मग शिट्टी मारली. "ए, काकांना वाट द्या! अर्जंट ऑर्गन चाललाय!"

मी खोकं आणखी उंच धरलं. ऑर्गन तर ऑर्गन.

आणि काय सांगू, लालबागची गर्दी दुभंगली. कार्यकर्ते हाताला हात लावून दोन्हीकडे उभे राहिले. बायकांनी हात जोडले. कोणीतरी "मोरया" म्हणालं आणि शंभर जणांनी साथ दिली. एक म्हातारी विचारत होती, "किडनी का रे बाबा?" खोक्याला मासळीचा वास येत होता, त्याचा त्या बिचारीने काय अर्थ लावला असेल कोण जाणे. पोलिसाने टॅक्सी थांबवून मला आत बसवलं. टॅक्सीवाल्याने पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "किसका है?" मी म्हटलं, "बीवी का." त्याचे डोळे भरून आले.

अक्षताने दार उघडलं. सातवा महिना, एक हात कमरेवर. खोकं पाहून म्हणाली, "पप्पा! द्या इकडे, मी ठेवते." फार घाईने म्हणाली. मी म्हटलं, तू वाकू नको, मी बघतो. चिकटपट्टी काढली. डब्यात पाणी शिरलं होतं म्हणून पेन बाहेर काढून पुसायला घेतलं. टोपण आपोआप सुटलं. सुई नव्हती, म्हणून पाहू शकलो. आतला दट्ट्या अगदी टोकाला टेकलेला. औषधाचा थेंब नाही.

"अक्षता, गळलं सगळं!"

"पप्पा, बसा आधी."

"अगं, गळलं वाटेत!"

"गळलं नाही. ते रिकामंच आहे. जुनं आहे ते."

"मग तुझी आई रोज टोचते काय?"

अक्षताने माझ्या हातातून पेन घेतलं आणि मला खुर्चीत बसवलं. "खरं पेन सुनेत्राताईकडे असतं. एप्रिलपासून. तुम्हाला डबा परत दिला की आई तिकडे जाऊन घेते."

"मालिका?"

"मालिका नाही, पप्पा."

मी विचारलं, का. ती सांगेना. पुन्हा विचारलं, तेव्हा सांगितलं. पहिलं पेन गोठलं होतं. पेप्टाइड तापलं तर बिघडतं आणि गोठलं तरी बिघडतं, मग ते फेकूनच द्यावं लागतं. डॉक्टरीणबाई बोट वर करून तेच सांगत होत्या. कागदावरही तेच होतं. कांताने अन् सुनेत्राने तो वाचला, परळला जाऊन नवीन पेन आणलं आणि सुनेत्राच्या फ्रिजमध्ये ठेवलं, जिथे बटणाला कोणी हात लावत नाही.

म्हणजे सगळ्या जगापासून मी ते औषध राखलं आणि बिघडवलंही मीच. तिची हाडं, तिचं बाळ, आणि माझं सातवर नेलेलं बटण. आज जे लोक माझ्यासाठी बाजूला झाले, त्यांना रिकामी नळी दाखवली असती तर त्यांनी गणपतीआधी मलाच बुडवलं असतं. मला रडू आलं. लेकीसमोर आलं, याचंही काही वाटलं नाही.

"मग मला सांगितलं का नाही?"

अक्षता म्हणाली, "मी म्हटलं होतं सांग. पण आई म्हणाली, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते माझं काहीतरी सांभाळतायत. सांभाळू दे."

मी तिच्याकडून शब्द घेतला. मला कळलंय हे कांताला कळता कामा नये. अक्षताने गळ्याशपथ घेतली. आता वाळत घातलेले कपडे काढायला फोन घेऊन गॅलरीत गेलीय. बराच वेळ झाला. कपडे बरेच असावेत.

३० ऑगस्ट

काल रात्री घरी आलो. दिवे आले होते. कांताने विचारलं, "पेप्टाइड ठीक आहे ना?"

"एकदम," मी म्हटलं. "थोडंसुद्धा हललं नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पदराने माझा घाम पुसला. आज जेवायला कुरकुरीत तळलेले बोंबील. माझ्या आवडीचे, आणि काही कारण नसताना. बिचारीला काही पत्ता नाही. मनात आलं, आपण किती सफाईने खोटं बोलू शकतो.

फ्रिजचं बटण तीनवर आणलं. कांताला सांगितलं, वीज वाचते. कुलूप काढून ठेवलं. तिला सांगितलं, किल्ली हरवली. ती म्हणाली, "हरवू दे."

मग गॅलरीत जाऊन हेरंबला हाक मारली. तो आधी आला नाही. मी म्हटलं, "अंडी घेऊन ये रे." तेव्हा आला. "आणि पेप्टाइड?" मी म्हटलं, "सवय झालीय त्याला आता माणसांची." संध्याकाळपर्यंत खालचा कप्पा भरला. गणपतीत मासळी घरात ठेवता येत नाही, पण विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची सोय आधीच करून ठेवलेली बरी, हे सगळ्यांनाच पटतं. कांता चहा करून करून थकली. दर वेळी कप भरताना हसत होती.

रिकाम्या पेनाचा डबा मी मधल्या कप्प्यात ठेवलाय. संध्याकाळी तिला दिला, भिंतीकडे तोंड केलं. मग ती 'मालिका' बघायला गेली.

३ सप्टेंबर

राहवलं नाही. सुनेत्राकडे गेलो आणि गार पाणी मागितलं, म्हणजे फ्रिज उघडेल. उघडला. मधल्या कप्प्यात स्टीलचा छोटा डबा, शेजारी गौरीच्या नैवेद्यातल्या उरलेल्या करंज्या. एवढंच दिसलं, कारण सुनेत्रा आडवी उभी राहिली. मी आणखी एक ग्लास मागितला. मग आणखी एक. ती म्हणाली, "काका, बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, पाणी छान आहे तुमचं. ती म्हणाली, एकाच नळाचं आहे.

निघताना तिला म्हणालो, "सुनेत्रा, तू फार चांगली मुलगी आहेस." ती गोंधळली. गोंधळल्यासारखं केलं, असंही वाटलं क्षणभर. पण नसेल.

४ ऑक्टोबर, शनिवार

आज निकाल. तपासणी मंगळवारीच झाली होती. कांताला आधाराला म्हणून सुनेत्राही आली होती. बाहेर बसलो होतो तेव्हा कांता नुसती पदराचं टोक पिळत होती. मी मनात म्हणत होतो, त्या पहिल्या पेनाचे जे दिवस मी फुकट घालवले, ते माझ्या हाडांतून वजा करा, हिच्या नको.

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, जुना कागद पाहिला, पुन्हा नवा पाहिला. मग हसल्या. "छान भरलीत हाडं. औषध व्यवस्थित सांभाळलंत. कोणी सांभाळलं?"

कांता म्हणाली, "ह्यांनी."

सुनेत्रा छताच्या पंख्याकडे बघायला लागली. मी चपलांकडे. बोलावं की नाही कळेना. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "असे नवरे फार कमी." मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"आणि बाळ?" कांताने विचारलं.

"बसून उचला, वाकून नको. पण उचला."

कांता तिथेच रडली. मग मी. मग डॉक्टरीणबाईंनी सुनेत्राला विचारलं, "तुम्ही ठीक आहात ना?" तर तीही.

५ ऑक्टोबर

सकाळी दूध काढताना सहज पेनाचा डबा उघडला. आत नवंकोरं पेन. सील न तोडलेलं. भरलेलं.

मला घाम फुटला. कांताने कालच्या आनंदात गोंधळ केलेला दिसतोय. खरं पेन आमच्या फ्रिजमध्ये राहिलं! आता सांगावं तर मला सगळं माहीत आहे हे उघडं पडणार. न सांगावं तर पेप्टाइड माझ्या जिवावर. खरंखुरं. हेरंबच्या अंड्यांच्या वर.

आंघोळसुद्धा न करता सुनेत्राकडे गेलो. म्हटलं, माझा एक मित्र आहे, त्याच्या बायकोला असंच पेन लागतं, तर ते नेमकं ठेवायचं कसं, तो विचारत होता. सुनेत्रा जराही हसली नाही. म्हणाली, "मित्राला सांगा, मधल्या कप्प्यात. मागे टेकवायचं नाही. दारात नको. बर्फाजवळ तर नकोच. आणि मुख्य म्हणजे सारखं उघडून बघायचं नाही."

"तो सारखं बघतो," मी म्हटलं.

"माहीत आहे, काका."

घरी येऊन तिने सांगितलं तसं ठेवलं. अंडी खाली सरकवली. दिवसभर फ्रिजसमोर स्टूल टाकून बसलो. हेरंब आला, त्यालाही उघडू दिलं नाही, मीच त्याचं अंडं काढून दिलं.

संध्याकाळी कांताने डबा मागितला. मी दिला आणि भिंतीकडे तोंड केलं. आतल्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला नाही. थोड्या वेळाने तिचा हात माझ्या खांद्यावर. पेन माझ्या हातात ठेवून म्हणाली, "नीट ठेवा हं." आणि चहा टाकायला गेली. सुनेत्राकडे गेली नाही.

मी ठेवलं. मधल्या कप्प्यात, मागे न टेकवता. दार लावलं.

उघडून एकदा बघावं असं फार वाटतंय. बघणार नाही.